एक युरोचा कारखाना

मालक रडतायत. ब्रुसेल्सला रडतायत, पॅरिसला रडतायत, वॉशिंग्टनला तर ऊर बडवायला पगारी माणसं ठेवलीत त्यांनी. कधी न कुजणाऱ्या, कधी न नासणाऱ्या रसायनांवर सरकारं बंधनं घालायला निघालीत, एवढाच काय तो गुन्हा. त्यावर यांचं सुरू : कारखाने बंद पडतील, हजारोंच्या पोटावर पाय येईल, मोबाइल बनणार नाही, ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट मरेल. आणि हे रडगाणं ऐकून आपल्यातलेच चार शिकलेले दोस्त मान डोलावतात. परवा एकजण म्हणाला, "बरोबर आहे ना यार. पर्यावरण हे पोट भरलेल्यांचं खूळ आहे. आपल्या पोरांना आधी नोकरी पाहिजे." हा दोस्त केमिस्ट्रीचा बी.एस्सी. आहे, एका कारखान्यात शिफ्ट करतो. मला त्याच्याशीच बोलायचंय. मालकाशी बोलण्यात मतलब नाही, त्याच्या वतीने त्याचा वकील बोलतो.

आधी हे रसायन काय चीज आहे ते बघू. पीफास म्हणतात त्याला. हे एकाचं नाव नाही, हजारोंचं खानदान आहे. कार्बनला फ्लोरीन चिकटवायचा. कार्बनचा इतका मजबूत एकेरी बंध दुसरा नाही. त्याला तेल चिकटत नाही, पाणी चिकटत नाही, आगीलाही ते सहजी दाद देत नाही. 1938 साली ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेटच्या हातून अपघातानं टेफ्लॉन निघालं आणि पुढे तवे आले, रेनकोट आले, डाग न पडणारे गालिचे आले, विमानतळावर आग विझवायचा फेस आला. ज्या गुणासाठी बनवलं तोच गुण अंगाशी येतो. एकदा बनलं की मोडत नाही. ऊन मोडत नाही, जंतू मोडत नाहीत, तुमचं लिव्हर मोडत नाही. यातलं पीएफओए नावाचं रसायन रक्तात शिरलं की त्याची मात्रा निम्म्यावर यायला दोन ते चार वर्षं लागतात. आईच्या नाळेतून पोरात उतरतं, दुधातून उतरतं. पाणी उकळून ते जात नाही. पाणी आटतं आणि ते उरतं. एमआयडीसीत सगळ्या कारखान्यांचा मिळून जो सांडपाणी प्रकल्प असतो, जंतूंना घाण खायला लावतात तो, त्याच्या बापालाही हे पचत नाही. 2023 च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलं. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या पंगतीत.

इथे पांढरपेशा वाचकाला लगेच आपला तवा आठवतो. त्याने नॉनस्टिक फेकला, लोखंडी आणला, फोटो टाकला, प्रश्न मिटला. आमच्या घरात तीन पिढ्या लोखंडी तवाच आहे, त्याचा फोटो अजून कुणी काढला नाही. तव्याचं सोडा. तो थर जिथे बनतो त्या कारखान्याच्या पाइपाच्या तोंडाशी कोण राहतं ते बोला.

मालक रडतो तेव्हा त्याच्या वह्या बघाव्या. आमच्या स्टेशनरीच्या दुकानात जिची चिकटपट्टी मिळते ती थ्रीएम कंपनी हे रसायन बनवण्यात पहिली. ड्युपाँटला पीएफओए तीच पुरवायची, 1951 पासून. 1981 साली थ्रीएमने कळवलं की उंदरांच्या पिल्लांच्या डोळ्यांत व्यंग दिसतंय. ड्युपाँटने काय केलं? वेस्ट व्हर्जिनियात पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातल्या टेफ्लॉनच्या विभागातून बायका हलवल्या. रसायन हलवलं नाही. 1984 साली आसपासच्या गावांच्या नळाच्या पाण्यात ते सापडलं, तो कागदही फायलीत गेला आणि फाइल कपाटात. पुढे एका शेतकऱ्याची गुरं मरायला लागली, तो रॉब बिलॉट नावाच्या वकिलाकडे गेला, आणि खटल्याच्या निमित्ताने कपाटं उघडली. सुमारे 69,000 लोकांचं रक्त तपासलं गेलं. शास्त्रज्ञांच्या मंडळाने सहा आजारांशी संबंध दाखवला : मूत्रपिंडाचा कॅन्सर, वृषणाचा कॅन्सर, थायरॉइड, आतड्याचे व्रण, गरोदरपणातला रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल. 2015 साली ड्युपाँटने हा सगळा धंदा आणि त्याची लफडी केमूर्स नावाची नवी कंपनी काढून तिच्या गळ्यात बांधली. 2017 मध्ये दोघींनी मिळून 67 कोटी डॉलर मोजले आणि साडेतीन हजारांच्या आसपास दावे मिटवले. गुन्हा कबूल केला नाही. पैसे दिले, गुन्हा दिला नाही.

आणि थ्रीएम? डिसेंबर 2022 मध्ये तिने जाहीर केलं, 2025 संपेपर्यंत आम्ही पीफास बनवणं सोडतोय. तेव्हा तिच्या या मालाची वर्षाची विक्री होती साधारण 1.3 अब्ज डॉलर आणि अख्ख्या कंपनीची 34 अब्ज. म्हणजे शंभर रुपयांमागे चार रुपयेसुद्धा नाहीत. या चार रुपयांसाठी पन्नास वर्षं जगाचं पाणी नासवलं. 2023 मध्ये अमेरिकेतल्या पाणीपुरवठा संस्थांना द्यायचं ठरलं किमान 10.3 अब्ज. तरी कंपनी जिवंत आहे. चिकटपट्टी मिळतेय. 'बंधनं आली की आम्ही मेलो' म्हणणारा मालक मरत नाही दोस्तांनो, तो फक्त कपडे बदलतो.

पॅरिसची गंमत ऐका. एप्रिल 2024 मध्ये फ्रान्सच्या संसदेत पीफासवर बंदीचं विधेयक आलं. तेफालचे तवे बनवणाऱ्या सेब कंपनीचे शेकडो कामगार संसदेबाहेर जमले. हाक कुणी दिली? मालकाने. एरवी संपाचं नाव काढलं तर ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात, त्या मालकाने कामगारांना मोर्चा काढायला लावला. तवे त्या कायद्यातून सुटले. फेब्रुवारी 2025 मध्ये कायदा झाला, 1 जानेवारी 2026 पासून सौंदर्यप्रसाधनं, कपडे, बर्फावर घसरायच्या पट्ट्यांना लावायचं मेण यांच्यावर बंदी. तवा मोकळा. मी त्या कामगारांना शिव्या देणार नाही. हप्ते भरायचे असतात माणसाला. पण कामगार मालकाची ढाल कसा होतो ते आपण उघड्या डोळ्यांनी बघून ठेवलं पाहिजे, कारण ती ढाल उद्या आपल्या हातात देणार आहेत.

युरोपात जर्मनी, डेन्मार्क, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी 2023 च्या सुरुवातीला मिळून प्रस्ताव मांडला : एकेकाला धरण्यापेक्षा अख्ख्या खानदानावरच, सुमारे 10,000 पदार्थांवर, एकदम बंधन आणा. शहाणपणाचा प्रस्ताव. कारण एकावर बंदी आली की मालक साखळीतला एक कार्बन कमीजास्त करून सावत्रभाऊ बाजारात आणतो आणि त्याचं विष सिद्ध करण्यात पुढची वीस वर्षं जातात. त्यावर हरकती-सूचना आल्या 5,600 हून जास्त. अमेरिकेने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएसची मर्यादा ठरवली, एक लाख कोटी भागांत चार भाग. 2025 मध्ये नव्या साहेबांच्या राज्यात ती पाळायची मुदत 2031 पर्यंत लांबवायचं जाहीर झालं, आणि जोडीच्या काही रसायनांवरच्या मर्यादा मागे घ्यायचंही. म्हणजे कायदा झाला तरी तो टिकवायला रोज उठून भांडावं लागतं.

आता इटलीला चला. तिथून रस्ता थेट आपल्या कोकणात येतो.

व्हेनेतो प्रांतात व्हिचेन्झा जिल्हा, तिथे ट्रिसिनो गाव. 1960 च्या दशकात मार्झोट्टो नावाच्या कापड गिरणीवाल्यांनी तिथे रसायनाचं काम सुरू केलं, कापडाला पाणी लागू नये म्हणून. 1988 ला जपानची मित्सुबिशी आणि इटलीची एनी भागीदार झाले आणि नाव पडलं मितेनी. पुढे अख्खा कारखाना मित्सुबिशीचा. 2009 साली मित्सुबिशीने तो आयसीआयजी नावाच्या कंपनीला विकला. किंमत सांगतो, नीट ऐका. एक युरो. तेव्हाचे साठ-सत्तर रुपये. आपल्याकडे त्या पैशात तेव्हा दोन माणसं राइसप्लेट खायची, तिथे एक अख्खा रासायनिक कारखाना. का? जमिनीखाली काय मुरलंय ते विकणाऱ्याला ठाऊक असल्याशिवाय एवढा स्वस्त कारखाना कोण विकतो?

2013 साली इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे आले आणि कळलं, नद्यांत पीफास, भूजलात पीफास, नळात पीफास. व्हिचेन्झा, व्हेरोना, पादोवा या तीन जिल्ह्यांतल्या सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न. घाईघाईने कोळशाचे गाळपे बसवले. पोरांच्या रक्ताचे रिपोर्ट हातात आले तेव्हा आया रस्त्यावर आल्या. साध्या बायका. छातीवर पोराच्या रक्तातला आकडा लिहून कोर्टाच्या दारात उभ्या राहिल्या. 2018 साली कंपनीने हात वर केले : दिवाळं. कामगार घरी. त्यांच्या रक्तात गावकऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त विष, हातात नोकरी नाही. मालकाच्या रडगाण्यात हा कामगार कारखाना चालू असेपर्यंतच असतो, टाळं लागलं की त्याचं नाव गळतं. आणि 26 जून 2025 रोजी व्हिचेन्झाच्या कोर्टाने जुन्या 11 साहेबांना मिळून 141 वर्षांची शिक्षा सुनावली. एकेकाला अडीच-पावणेतीन वर्षांपासून साडेसतरा वर्षांपर्यंत. अपिलं होतील, वर्षं जातील. तरी रसायनाच्या कारखान्याच्या सुटाबुटातल्या साहेबाला पाण्यासाठी तुरुंगाची शिक्षा होते, हे आपल्याकडच्या कुणाला स्वप्नात तरी दिसलंय का? भोपाळ आठवा.

आयांनी जिंकलं. आता त्या कारखान्यातल्या यंत्रांचं काय झालं?

दिवाळखोरीत लिलाव झाला. 2019 मध्ये मुंबईच्या लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीजच्या विवा लाइफसायन्सेस या उपकंपनीने मितेनीची मालमत्ता घेतली. यंत्रसामग्री, पेटंटं, पद्धती लिहिलेली कागदपत्रं, सगळं. भांडवली बाजारात उतरताना कंपनीने आपल्या माहितीपत्रकात हे स्वतःच छापलंय, लपवाछपवी काही नाही. आणि यंत्रं उभी करायची जागा? रत्नागिरी जिल्हा, खेड तालुका, लोटे परशुराम एमआयडीसी.

परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण तयार केलं, असं आम्हाला शाळेत शिकवलं. बाण कुणाच्या छाताडावरून गेला ते शिकवलं नाही. आता त्याच परशुरामाच्या नावाच्या एमआयडीसीतून खाडीकडे काय जातं ते दाभोळ खाडीतल्या भोयांना विचारा. जाळं टाकून जगणारी ही माणसं वर्षानुवर्षं सांगतायत, मासळी गेली. हे गाऱ्हाणं इटलीची यंत्रं येण्याच्या कितीतरी आधीचं आहे. तिथल्या रसायनाच्या कारखान्यांना आधीच जे आवरत नव्हतं, त्याच पंगतीत हे नवं पान वाढलं.

लोट्याच्या पाण्यात मितेनीचं विष सापडलंय, असं मी म्हणत नाही. कंपनीकडे परवानग्या असतील. परवानग्या मितेनीकडेही होत्या. आणि ट्रिसिनोच्या पाण्यात विष आहे असं 2013 पर्यंत ट्रिसिनोतही कुणी म्हणत नव्हतं. मधे चाळीसपन्नास वर्षं गेली. मी एवढंच विचारतोय की एका देशात ज्या यंत्रांच्या मागे 141 वर्षांची शिक्षा लागली, ती दुसऱ्या देशात 'गुंतवणूक' कशी होते? कचरा म्हणून आणायला जा, कायदा आडवा येतो. भांडवली यंत्रं म्हणून आणा, लाल गालिचा.

हे पहिल्यांदा होतंय असं समजू नका. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात वॉटरटाऊन इथे पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना होता. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तो अख्खा उचलून तामिळनाडूत कोडईकनालला आणला. पुढे तो हिंदुस्थान लिव्हरकडे गेला. 2001 ला पाऱ्याच्या काचा भंगारवाल्याकडे सापडल्या तेव्हा बोंब झाली आणि कारखाना बंद पडला. कामगारांना समझोत्याचे पैसे मिळायला 2016 उजाडलं. वॉटरटाऊन ते कोडईकनाल, ट्रिसिनो ते लोटे. त्यांच्याकडे बंधन आलं की आपल्याकडे बोट येते. जुने कपडे गावकुसाबाहेर पाठवायची रीत आपल्याला नवी नाही. उतरलेलं लुगडं, उरलेली भाकर, मेलेलं जनावर. आता उतरलेले कारखाने.

दिल्लीचं काय चाललंय? न कुजणाऱ्या विषांवरचा स्टॉकहोम करार 2001 साली झाला, 2004 ला लागू झाला, भारताने 13 जानेवारी 2006 ला मंजूर केला. पण मंजूर करताना खुंटी मारून ठेवली : यादीत पुढे जे नवं नाव येईल ते आम्ही वेगळं मंजूर केल्याशिवाय आम्हाला लागू नाही. यादीत पीएफओएस 2009 ला आलं, पीएफओए 2019 ला, त्यांचं भावंड पीएफएचएक्सएस 2022 ला. भारताने 2018 मध्ये नियम काढून सात रसायनांवर बंदी घातली, 2020 मध्ये मंत्रिमंडळाने त्या सातांना मंजुरी दिली आणि पाठ थोपटून घेतली. त्या सातांत पीएफओएस नाही. पीएफओए नाही. त्यात क्लोरडेकोन आहे, ज्याचा अमेरिकेतला कारखाना कामगारांचे हातपाय कापायला लागल्यावर 1975 सालीच बंद झाला होता. मेलेल्या सापाला काठीने मारायचं आणि जिवंत सापाला दूध पाजायचं. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, 2012 चं, काढून वाचा. आर्सेनिक आहे, शिसं आहे, डीडीटीसुद्धा आहे. पीफासचा रकानाच नाही. रकाना नाही म्हणजे तपासणी नाही, तपासणी नाही म्हणजे विष नाही. सगळं कसं पवित्र.

आता माझा दोस्त उसळून म्हणेल, "ही युरोपची चाल आहे. त्यांनी शंभर वर्षं धूर काढला, आता आपली पाळी आली तर नियम." हे मी आधी ऐकलंय. एंडोसल्फानच्या वेळी शब्दाला शब्द हेच होतं. केरळात कासरगोडला सरकारी महामंडळाच्या काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं, 2000 सालापर्यंत. खाली माणसं राहत होती. पोरं जन्माला आली ती बघवत नाहीत अशी. जगाने ते यादीत घालायचं ठरवलं तर आपलं सरकार जिनिव्हात 2011 च्या एप्रिलपर्यंत अडून बसलं. कारखानदार म्हणत होते, युरोपच्या कंपन्यांना आपलं महाग औषध खपवायचंय, त्यांचा कट आहे. असेल कट. युरोपचा भांडवलदार काय गौतम बुद्ध आहे? पण त्याच्या कटाने कासरगोडच्या पोराचं डोकं लहान होत नाही की मोठं होत नाही. मे 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, 2017 मध्ये सांगितलं प्रत्येक पीडिताला पाच लाख द्या. एंडोसल्फान गेलं. शेती बुडाली? काजू बंद झाला? मालक मेले?

दोन गोऱ्या-काळ्या मालकांच्या भांडणात आपण काळ्या मालकाची बाजू का घ्यायची? त्याने आपल्याला कधी भागीदार केलंय? आपल्याला तो टाकीत उतरवतो.

टाकीचं सांगतो. माझा चुलता मराठवाड्यातून आला आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. पंधरा-सोळा वर्षं टाक्या धुतल्या, तळाचा गाळ काढला. कायम कामगारांची वेगळी हजेरी, यांची वेगळी. टाकीवर रसायनाचं नाव नसायचं, नंबर असायचा. "आज चारमध्ये उतर, उद्या नऊमध्ये." संरक्षण म्हणून शिफ्टच्या सुरुवातीला मुकादम गुळाचा खडा द्यायचा. गूळ! त्याच्या टोळीत अकरा माणसं, आडनावं वाचली असती तर जनगणना करायची गरज नव्हती. त्या टाक्यांत एकही जोशी उतरला नाही, आणि ऑफिसात एकही कांबळे बसला नाही. बावन्नाव्या वर्षी त्याची मूत्रपिंडं गेली. डॉक्टरने एकच प्रश्न विचारला, "दारू पिता का?" काय हाताळता, असं विचारलं नाही. विचारलं असतं तर चुलता काय सांगणार होता? चार आणि नऊ? टाकीत काय होतं त्याचा कागद आमच्याकडे नाही, म्हणून मी कुणावर खटला भरत नाही. कागद नसणं हीच तर त्यांची सगळी इस्टेट आहे.

म्हणून दोस्ता, 'आधी नोकरी' म्हणताना कोणती नोकरी ते बोल. तू शिकलास, तू पॅनलसमोर बसशील, तुझ्या बॅजवर नाव असेल. तुझा मावसभाऊ गाळ काढेल. नोकरी आणि रक्त यातलं एक निवड, असा सवाल ज्याने टाकला त्याच्या सवालालाच लाथ घातली पाहिजे. बंदी आली म्हणून कामगार उपाशी मरत असेल तर तो दोष बंदीचा कसा? पन्नास वर्षं नफा खाल्ला त्याने कामगाराचा पगार, औषधपाणी, नवं काम शिकवण्याचा खर्च दिला पाहिजे. थ्रीएमकडे पाण्यासाठी दहा अब्ज डॉलर निघतात, मग कामगारासाठी का निघत नाहीत? कारण पाणीपुरवठा संस्थांकडे वकील होते.

आणि पाणी म्हटलं की आपल्याला लोट्यापासून त्याच मुंबई-गोवा रस्त्याने महाडला यावंच लागतं. 20 मार्च 1927. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, मागून हजारोंनी घेतलं. मग काय झालं ते प्रत्येक पोराला पाठ आहे : तळं बाटलं म्हणून गावच्या शहाण्यांनी गोमूत्र-शेण-दूध-दह्याच्या 108 घागरी ओतून ते शुद्ध करून घेतलं. आमच्या हाताला काहीच नव्हतं, मेहनतीच्या घट्ट्यांशिवाय. तरी 108 घागरी. आज त्याच महाडला एमआयडीसी आहे, रसायनाचे कारखाने आहेत, सावित्री आहे. आता खरंखुरं बाटवणारं विष आलंय, जे ना घागरीने जातं ना उकळून जातं. कुठे गेले ते पाणी शुद्ध करणारे? तेच, त्यांचीच नातवंडं, संचालक मंडळावर आहेत की परवान्यावर सही करतायत? आमच्या बापजाद्यांनी पाण्याला शिवायचा हक्क मारामाऱ्या करून, कोर्टात दहा वर्षं झगडून 1937 साली मिळवला. हक्क मिळाला आणि पाणीच विकलं गेलं, असा हिशेब आम्ही मान्य करायचा?

मी बंदीच्या बाजूने आहे, आणि तिथल्या अर्ध्यामुर्ध्या बंदीच्या विरुद्ध आहे. वापरावर बंदी आणि यंत्रं मोकळी, ही बंदी नव्हे, बदली आहे. एखाद्या देशात ज्या कारखान्यावर प्रदूषणाचा खटला चालू आहे त्याचा खिळासुद्धा दुसऱ्या देशात जाता कामा नये. स्टॉकहोमची खुंटी दिल्लीने उपटली पाहिजे. लोटे, महाड, तारापूर, पाताळगंगा, कुठेही फ्लोरीनचं रसायन बनत असेल तर काय बनतं त्याचं नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागलं पाहिजे, आणि रक्त तपासायला सुरुवात ठेकेदाराच्या माणसापासून झाली पाहिजे.

फळ्यावर ते आपणहून लावणार नाहीत. तोपर्यंत कागद आपण काढू. प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रत्येक कारखान्याला चालवण्याचं संमतिपत्र देतं. त्यात काय बनवायचं, किती टन, किती सांडपाणी, ते लिहिलेलं असतं. माहिती अधिकारात त्याची प्रत मागता येते. सोबत मागायचं ते हे : त्या कारखान्याच्या सांडपाण्यात आणि भोवतालच्या विहिरींत पीफासची तपासणी कधी केली, आकडे काय आले, केली नसेल तर का नाही. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. खेड, चिपळूण, महाडच्या दोस्तांनी एकेका कारखान्याचं नाव वाटून घ्यावं, दोन अर्ज एकाच नावाचे नकोत. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही नाही.